पंपाच्या कोपऱ्यातला घास

वाळवंटात थंड पाण्याचे मासे पाळायचे, हे ज्याच्या डोक्यात आलं त्याच्या टाळूवर कुणीतरी वेळीच तेल थापायला हवं होतं, असं दत्तारामचं मत होतं. पण त्याच माणसाचा पगार तो महिन्याच्या महिन्याला घेत होता, तेव्हा हे मत त्याने आपल्यापाशीच ठेवलं होतं.

तो माणूस म्हणजे अरबाब; तिकडे मालकाला अरबाबच म्हणतात. अमिरातीतल्या फुजैराच्या मागे, उंच डोंगरात त्याची दगडाची खाण होती. दगड संपला, खड्डा उरला. एका उन्हाळ्यात अरबाब स्कॉटलंडला गेला. तिथे डोंगरात तळी, तळ्यांवर धुकं आणि पाण्यात ट्राउट नावाचा मासा. पाहुण्यांना होडीत घालून फिरवायचं, हातात गळाची काठी द्यायची आणि मासा गळाला कसा लावायचा ते शिकवायचं, असा तिकडे रीतसर धंदाच चालतो. अरबाब आठवडाभर पावसात भिजला, शेवटच्या दिवशी एक मासा त्याच्या काठीला लागला, आणि झालं! बुवा वेडाच झाला. परत आला तो खाणीचा खड्डा पाण्याने भरायलाच घेतला. पिशव्यांत पाणी घालून, बर्फाच्या खोक्यांतून चांगले वाढलेले मासे विमानाने आणवले. त्यांच्यामागोमाग माणूस आणवला, कॅलम. लाल दाढीचा, उन्हाने नाक सोललेला. पाहुण्यांना मासे लावायला शिकवणारा गाईड तो हाच.

आता ट्राउटला हवं थंडगार पाणी. पाणी कोमट झालं की तो मेलाच. डिसेंबर ते मार्च डोंगरात थंडी असते खरी, पण दुपारचं ऊन ते ऊनच. म्हणून तळ्याच्या कडेला एक मोठा चिलर बसवला. आणि चिलर सांभाळायला शारजाच्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमधून दत्ताराम आला. साल शहाण्णव सरत आलं होतं. पाणी चौदा डिग्रीवर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पंपाच्या कोपऱ्यातून गार पाणी तळ्यात पडायचं, आणि तिथेच त्याची पत्र्याची खोली होती.

गंमत बघा, हा दत्ताराम तळाशीलचा. मालवणजवळची ती किनारपट्टी, गाबिताचं घर, सात पिढ्या मासेमारी. घरातला हाच एक मासे सोडून मशीनच्या मागे लागला. बाबा म्हणायचे, "मासे पकडूचे सोडून बर्फ करूक चललो." आणि आता हा बर्फवाला माशांसाठीच पाणी गार करत बसला होता! नशीब कुणाची कशी थट्टा करील सांगता येत नाही.

दत्ताराम जात्याच चौकस. कॅलम संध्याकाळी खोलीबाहेर टेबल टाकून आमिषं बांधायला बसला की हा चहाचा कप घेऊन शेजारी हजर. बारीकसा गळ चिमट्यात धरायचा, त्याच्यावर रेशमाचा दोरा, कोंबड्याचं पीस, सशाचे केस असं काहीबाही गुंडाळायचं, की झाली माशी तयार. पाण्यावर पडली तर खरीच वाटावी.

"ये सब डुप्लिकेट है ना?" दत्तारामने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"फुल डुप्लिकेट," कॅलम म्हणाला. तो आधी काही वर्षं हिमाचलात राहिलेला होता, त्यामुळे हिंदी मोडकी का होईना, येत होती.

"और मछली खा लेता है?"

"खाता है, फिर गुस्सा होता है."

"फिर हम उसको खाते हैं."

"नो, नो. छोड़ देते हैं."

दत्तारामला वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं. त्याने पुन्हा विचारलं. नाही, तेच. एवढा खटाटोप करायचा, मासा काठापर्यंत आणायचा, त्याच्या तोंडातला गळ हलकेच काढायचा आणि त्याला पाण्यात सोडून द्यायचा. का? तर म्हणे उद्या पुन्हा फसवता यावा म्हणून. तळाशीलला ही गोष्ट सांगितली असती तर लोकांनी दत्तारामला देवाकडे कौल लावायला नेलं असतं. बाबांचं तर एक ठरलेलं वाक्य होतं. गळाला लावायचं ते खरं लावायचं. "खोट्या आमिषाक मासो गावता, पण पचणा नाय."

बाबांची एक होडी होती. हात थकले तसे ते समुद्रावर जायचे बंद झाले, पण होडी त्यांनी कुणाला दिली नाही. माडाच्या झावळ्यांखाली ओढून ठेवली. दरवर्षी तिला तेल लावायचे. धाकटा भाऊ अनिल दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून राबायचा, पण होडीला हात लावायची त्याची छाती नव्हती. बाबा म्हणायचे, "ती दत्ताची. तो येतलो नि घेऊन जातलो." दत्तारामने फोन केला की पहिला प्रश्न तोच: "कधी येतलंस?" आणि उत्तरही ठरलेलं: "ह्या मे महिन्यात, बाबा. कायमचो." असे कितीतरी मे आले आणि गेले. दत्ताराम यायचा, महिनाभर बांगडे खायचा आणि परतीचं तिकीट खिशात घालून चालू पडायचा.

त्या डिसेंबरात बाबा गेले. खाणीवर फोन नव्हता. सामानाची गाडी वर आली तेव्हा ड्रायव्हरने निरोप दिला, तोवर सगळं उरकलेलं होतं. दत्ताराम त्याच गाडीत बसून खाली बंदरावर गेला, फोनच्या बूथमध्ये उभा राहिला आणि ढसाढसा रडला. दहावं झाल्यावर पुन्हा गेला. तेव्हा अनिलने सांगितलं ते त्याच्या काळजात रुतून बसलं.

"दादा, कावळो शिवाक तयार नाय. किनाऱ्यावर पिंड ठेवला, कावळे आले, ते होडीवर जाऊन बसले. पिंडाकडे बघणत सुद्धा नाय. मी ओरडून सांगितलंय, दत्ता येतलो, होडी तोच चालवतलो. तरी नाय! शेवटाक भटजींनी दर्भाचो कावळो केलो."

बाबांचं काहीतरी राहिलं होतं. आणि जे राहिलं ते आपल्यापाशीच अडकलेलं आहे, एवढं दत्तारामला समजलं. काय ते मात्र समजेना.

तेव्हापासून दुपारी जेवायला बसला की तो आधी एक घास बाजूला काढायचा. भात, वर सुकटीचं कालवण. खाली फुजैराच्या बंदरावर कावळे हवे तेवढे, बोटींवर बसून आपल्याकडूनच आलेले. पण वर डोंगरात औषधाला एक नाही. घास मुंग्यांनी नेला. दुसऱ्या दिवशी वाऱ्याने त्यात वाळू घातली. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. गाबिताला शेवटी आधार पाण्याचाच. त्याने घास उचलला आणि पंपाच्या कोपऱ्यात, गार पाणी पडतं तिथे, हलकेच सोडला.

पाण्यावर एक वर्तुळ उठलं. घास गेला.

दत्ताराम काठाशी उकिडवा बसला. मग हात जोडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला पोटभर जेवण गेलं.

रोज तेच चालू झालं. दुपारी घास, वर्तुळ, मग जेवण. हळूहळू पाण्याखालून एक नाक दिसायला लागलं, वरच्या ओठावर जुन्या जखमेचा पांढरा व्रण असलेलं. बाकी मासा कसा आहे, केवढा आहे, काही दिसायचं नाही, पाणी हिरवं. दत्ताराम त्याच्याशी बोलायचा. काल चिलरने त्रास दिला, अरबाबचा पोरगा गाडी घेऊन घसरला, असलं काहीबाही. त्या नाकाशेजारी दुसरं नाक आलं, मग तिसरं. आता एकाला वाढायचं आणि बाकीच्यांनी बघायचं, हे काही मालवणी माणसाला जमणारं नव्हे. एका घासाची मूठ झाली, मुठीचं ताट झालं. स्वयंपाकी हमदुल्ला पठाण. त्याला दत्तारामने सांगितलं की हा आमच्या गेलेल्या माणसाचा हिस्सा. "नेक काम है," म्हणत तोही उरलेला भात आणि रोट्यांचे तुकडे आणून ओतायला लागला. पंपाच्या कोपऱ्यात रोज दुपारी पंगत बसायला लागली.

जानेवारीच्या मध्यापासून पाहुण्यांना मासे मिळेनासे झाले.

एक सुट्टीचा शुक्रवार गेला, दोन गेले. दुबईहून आलेले गोरे दिवसभर होडीतून काठ्या फिरवायचे आणि रिकाम्या हाताने लँडक्रूझरमध्ये बसायचे. कॅलम चक्रावला. काळ्या माश्या बांधल्या, पिवळ्या बांधल्या, पंख उलटे लावून पाहिले. पाण्याची बाटली भरून उन्हात धरून बघितली. तापमान विचारलं. "चौदह, साहेब. चौदह का चौदह," दत्ताराम छातीठोकपणे सांगायचा. त्यालाही आता उत्सुकता लागली होती. सगळा दोष मशीनवर यायच्या आत कारण सापडलेलं बरं. दोघे संध्याकाळी काठाकाठाने फिरायचे, दगड उलटे करून खालचे किडे बघायचे.

मग अरबाब आला. आवाज चढवला नाही, पण बोलला ते अगदी साफ. येत्या शुक्रवारी त्याचा मोठा पाहुणा येणार, ह्या तळ्याची फुशारकी त्याने त्याच्यापुढे वर्षभर मारली होती. "त्या दिवशीही मासा लागला नाही, तर खलास. मशीन बंद. एवढी वीज जाळून मला काय, पाण्याकडे बघत बसायचंय?"

मशीन बंद म्हणजे काय, ते सांगायला पंडित नको. चार दुपारी, आणि तळंभर मासे पांढरी पोटं वर करून तरंगणार.

त्या रात्री जेवताना कॅलम सहज बोलून गेला, "लास्ट में जो एक लगा ना, उसका पेट फुल टाइट था. जैसे किसीने शादी में खिलाया हो."

दत्तारामच्या हातातला घास हातातच राहिला. हमदुल्लाने त्याच्याकडे बघितलं, त्याने हमदुल्लाकडे. अरे देवा! ज्यांना जगवण्यासाठी रात्रंदिवस मशीनशी झगडायचं, त्यांनाच आपण जेवू घालून मारायला निघालो!

सांगावं की न सांगावं? सांगितलं तर कोपऱ्यातला घास बंद होणार. बाबांनी एवढ्या मिनतवारीने घ्यायला सुरुवात केलेला घास. न सांगितलं तर ते नाकच पाण्यावर उलटं तरंगणार. दत्ताराम उठला, हात धुतला, परत आला आणि कॅलमसमोर उभा राहून सगळं सांगून टाकलं. बाबा, कावळा, भात, सुकट, सगळं.

कॅलम रागावेल असं त्याला वाटलं होतं. पण कॅलमही त्याच्याच जातीचा निघाला, चौकस. "कावळा? व्हाय कावळा?" इथून त्याचे प्रश्न सुरू झाले ते संपेनात. शेवटी म्हणाला, "कल दोपहर मुझे दिखा."

दुसऱ्या दिवशी तो पंपामागे दबा धरून बसला. दत्तारामने घास सोडला आणि पाणी उकळल्यासारखं झालं. कॅलम तोंडावर हात ठेवून बघतच राहिला. संध्याकाळी त्याने टेबल मांडलं. पांढऱ्या लोकरीचा इवलासा गोळा, त्याला पिवळसर दोऱ्याचा एक फेर, आणि सुकटीच्या रंगाचं एक पीस. दत्तारामपुढे धरून विचारलं, "कैसा?"

कसा म्हणजे? हुबेहूब! कालवण लागलेलं भाताचं शीत.

"खाना बंद करेंगे तो आठ-दस दिन में दूसरी मक्खी लेंगे. पर फ्रायडे परसों है," कॅलम म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "तू पहले असली डालेगा. फिर गेस्ट नकली डालेगा. दत्ता, दूसरा रास्ता नहीं है."

म्हणजे फसवायचं आपण, ह्याच हाताने. बाबांना आयुष्यात ज्या एका गोष्टीची चीड होती, ती बाबांच्याच घासाने करायची.

शुक्रवारी पाहुणा आला, अरबाब आला, नमाज झाली, कॉफी झाली. पाहुण्याला पंपाच्या कोपऱ्यात उभा केला. कॅलमने त्याच्या मनगटाला धरून काठी कशी मागे न्यायची, दोरी हवेत पूर्ण सुटू द्यायची आणि मग कशी पुढे आणायची ते दाखवलं. मग दत्तारामकडे बघितलं. दत्तारामने ताटातला घास उचलला. "बाबा, माका माफ करा," तो पुटपुटला आणि घास पाण्यात सोडला.

नाकं वर आली. भात गेला. लगेच त्याच जागी लोकरीचं शीत अलगद येऊन टेकलं.

पाहुणा ओरडला. काठी धनुष्यासारखी वाकली, दोरी सूं सूं करत तळ्याच्या मध्यापर्यंत गेली. कॅलम "हलके, हलके" करत राहिला, अरबाब पायघोळ पांढरा कंदुरा वर धरून काठावर नाचायला लागला. बराच वेळ झटापट चालली. शेवटी जाळीत मासा आला आणि दत्तारामने पहिल्यांदा ट्राउट जवळून बघितला. दोन वेळा सबंध घर जेवेल एवढा. अंगभर काळे ठिपके, कुशीवरून संध्याकाळच्या आभाळाचा गुलाबी पट्टा. वरच्या ओठावर पांढरा जुना व्रण, आणि त्याच्याच शेजारी लोकरीचं शीत रुतलेलं. मासा एका डोळ्याने वर बघत होता. दत्तारामला त्या डोळ्याकडे बघवेना.

"माशाल्ला! माशाल्ला!" पाहुण्याने अरबाबला मिठी मारली. फोटो निघाले. कॅलमने गळ काढला, माशाला पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि त्याने शेपटीचा झटका दिला तसा सोडून दिला. मशीन चालू राहणार हे नक्की झालं. हमदुल्लाने त्या दिवशी बिर्याणी केली. दत्ताराम दोन घास खाऊन उठला.

पंगत बंद झाली. कॅलमने एवढंच ठेवलं: "एक घास तेरे बाबा का. बस, एक." हळूहळू मासे इतर खोट्या माश्यांनाही लागायला लागले, पाहुणे खूश होऊन जायला लागले. पण कोपऱ्यात वर्तुळ उठेना. दत्ताराम रोज दुपारी घास सोडायचा. भात थोडा वेळ तरंगायचा, मग एकेक शीत सुटून खाली जायचं. एक नाक येऊ नये? बाकीचे नाही तर नाही, पण तो एक?

"रुसलात," दत्ताराम म्हणायचा. "बरोबर आहे तुमचं."

फेब्रुवारी संपत आला. एका दुपारी त्याला राहवलं नाही. घास सोडला आणि पाण्याशी वाकून, किनाऱ्यावर अनिल ओरडला होता तसा तोही मोठ्याने बोलायला लागला. "बाबा, ह्या मे महिन्यात येतलंय. कायमचो!" पाणी ढिम्म. "येऊन होडी पाण्यात घालतलंय!" भाताची शितं सुटून बुडायला लागली. "बाबा, तुमची शपथ, येतलंय!"

काही नाही. मागे चिलर घरघरत होता. दत्तारामने सवयीने कान दिला. कॉम्प्रेसर एका लयीत चालला होता, कुठे खटका नाही. किती महिने खपून त्याने तो तसा लावला होता. ते ऐकून ह्याही वेळी त्याला बरं वाटलं, आणि ते बरं वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं. तो हातातल्या ताटाकडे बघायला लागला. अनिल ओरडला तेव्हाही कावळे होडीवरून हलले नव्हते. खोटा घास बाबांनी कधी घेतला होता?

त्याने ताटातून दुसरा घास उचलला. ह्या वेळी आवाज चढवला नाही.

"बाबा, मी येवचंय नाय. येणार येणार म्हणून तुमका फसवत रवलंय. माका समुद्र कधी आवडलोच नाय. माका हय बरा वाटता, मशीन बरा वाटता. होडी अनिलाची. ती त्याका दिलंय."

एवढी वर्षं जे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते पाण्याला सांगून झालं होतं. त्याने घास सोडला आणि डोळे पुसायला बाही वर नेली, म्हणून नाक त्याला दिसलं नाही. त्याने बाही खाली घेतली तेव्हा कोपऱ्यातलं वर्तुळ काठाला येऊन लागत होतं आणि पाण्यावर भाताचं एकही शीत नव्हतं.

तो जेवला नाही. हमदुल्लाला चिलरकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि सामानाची गाडी खाली जायला निघाली होती तिच्यात जाऊन बसला. बंदरावर उतरून फोनकार्ड विकत घेतलं, बूथमध्ये शिरला आणि तळाशीलचा नंबर फिरवला.

"अनिल," तो म्हणाला, "होडीवरच्या झावळ्यो काढ."